इंजिनाजवळच्या वायरी: झिपटायवर विसंबू नका

घरी विमान बांधणाऱ्यांनो, लायकमिंग इंजिनावर सेन्सरच्या वायरी ओढताना ध्यानात ठेवा: इंजिन माउंटवर रबराच्या आधाराने बसलेलं असतं, चालू-बंद होताना चांगलंच हलतं. म्हणून इंजिन आणि माउंटच्या मध्ये वायरीला थोडी ढील हवीच. माउंटच्या पोलादी नळीला नुसता झिपटाय आवळू नका. त्याखाली धूळ बसते आणि तो कानशीसारखा पोलाद खातो. रबराचं अस्तर असलेला ॲडेल क्लॅम्प वापरा (बसवताना बोटं सोलतात, ते सोडा). एक्झॉस्टपासून लांब राहा. नेहमीची टेफझेल वायर १५० अंश सेल्सिअसपर्यंतचीच. सिलिंडर-हेडचा थर्मोकपल बहुधा जे टाइप, एक्झॉस्टचा के. वाढीव वायरही त्याच टाइपची घ्या, तांब्याची जोडलीत तर तापमान चुकीचं दिसू शकतं. आणि इंधनाच्या नळीला वायर बांधायची नाही म्हणजे नाहीच.