‘बिनविरोध’ या शब्दाचा अर्थ

शहापूर व मुरबाड तालुक्यांतील ग्रामपंचायतींना लागू असलेल्या कायद्यानुसार मतासाठी पैसा देणे ही लाच होय. भारतीय न्याय संहिता, २०२३ नुसार तिच्यासाठी एक वर्षापर्यंत कारावास होऊ शकतो. केवळ खाणेपिणे घातल्यास मात्र दंडच. या व्याख्येत विकले जाते ते एकेका मतदाराचे मत. जानेवारी २०२१ मध्ये राज्य निवडणूक आयोगाने उमराणे (नाशिक) व खोंडामळी (नंदुरबार) येथील निवडणुका पदांच्या लिलावामुळे रद्द केल्या. अशा लिलावाचा पैसा देवळासारख्या गावकामी लागतो. मतदाराच्या हाती काहीच येत नाही, आणि मतही राहत नाही. तरी निवडीस ‘बिनविरोध’ हे गौरवाचे विशेषण लाभते. विरोधाचा अभाव म्हणजे संमती नव्हे. म्हणून शहापूर-मुरबाडमधील बिनविरोध निवडींच्या अभ्यासकाने प्रथम विचारावयाचा प्रश्न हाच की, इतरांचे अर्ज मागे का घेतले गेले?