शेवटच्या भागाचा बुधवार

सकाळी 6.10
निगडीच्या यमुनानगरमधून इंटरनेटच्या लाइनमनला पहिला फोन. "दादा, राउटरवर लाल दिवा लागलाय." मुलगा चाकणहून रात्रपाळी करून आलाय. 'एलियन : अर्थ'चा आठवा, म्हणजे सीझनचा शेवटचा भाग आजच जिओहॉटस्टारवर आलाय. झोपायच्या आधी त्याला तो बघायचाय. आज 24 सप्टेंबर 2025, नवरात्राची तिसरी माळ. साडेसहापर्यंत त्याच गल्लीतून आणखी सात फोन. लाइनमनला कळतं, बिघाड घरातला नाही. केबलच तुटलीय.

सकाळी 7.00
टिळक चौकात चहा आणि राजगिऱ्याचा लाडू. उपवास आहे. नवरात्रात बरेच जण अनवाणी असतात. लाइनमनला शिडी चढायची असते, बूट सुटत नाहीत. गाडीत 200 रुपयांचं पेट्रोल, दोन लिटरही होत नाही. पगार 16 हजार, पेट्रोलचे 2 हजार वेगळे. मदतनीस पोराची हजेरी 500.

सकाळी 7.45
तुटलेली जागा सापडते. रात्री पाइपासाठी चर खणलाय, जेसीबीच्या दातानं 12 कोरची फायबर केबल ओढून तोडलीय. मधे नवा तुकडा घालावा लागणार. म्हणजे दोन जॉइंट, 24 जोड.

सकाळी 8.15
पोरगा छत्री धरून उभा. जोड देणाऱ्या मशीनवर धूळ चालत नाही. लाइनमन चराच्या काठावर मांडी घालून बसतो. निळा, नारिंगी, हिरवा, तपकिरी... रंगाला रंग लावायचा. वरचं आवरण सोलायचं, स्पिरिटनं काच पुसायची, क्लीव्हरनं सरळ कापायची. काचेची जाडी 125 मायक्रॉन. उजेड धावतो तो मधला गाभा जेमतेम 9 मायक्रॉनचा. मशीनच्या पडद्यावर दोन टोकं समोरासमोर येतात, ठिणगी पडते, काच वितळून एक होते. लॉस 0.02. चांगला जोड. वर स्लीव्ह सरकवून हीटरमध्ये. कापलेले तुकडे तो मोजून चिकटपट्टीवर घेतो. एक जरी बोटात घुसला तरी दिसत नाही आणि निघतही नाही.

सकाळी 11.10
चोविसावा जोड. रात्रपाळीवाल्याच्या घरी मीटर लावतो. सिग्नल उणे 21. दिवा हिरवा. मुलगा अजून जागा आहे. "थांबा ना दादा, पाच मिनिटं बघा." पृथ्वीवर कोसळलेलं यान, त्यातून आलेले पाच जातींचे परग्रहावरचे जीव. लाइनमनचे पहिले दोनच भाग झालेत. तो हात जोडतो आणि जिना उतरतो.

दुपारी 1.30
डब्यात साबुदाण्याची खिचडी. पोरासाठी वडापाव.

दुपारी 3.00
प्राधिकरणात नवं कनेक्शन. टेल्कोतून निवृत्त झालेले काका. सोमवारपासून मोठ्या टीव्हीवरचा जीएसटी 28 वरून 18 टक्क्यांवर आला, म्हणून 43 इंची घेतलाय. कपाटात जयंत नारळीकरांचं 'प्रेषित'. नारळीकर जाऊन चार महिने झालेत. "त्यांनी नुसत्या गोष्टी लिहिल्या नाहीत," काका सांगतात. "2001 साली हैदराबादहून बलून सोडला. 41 किलोमीटर उंचीवरची हवा आणली. त्यात सूक्ष्मजीव सापडले."
लाइनमन ड्रिल थांबवतो. "ते वरून आलेले, का इथूनच गेलेले?"
"तेच तर शोधायचं होतं. आणि आपल्या नारायणगावजवळ खोडदला रेडिओ दुर्बिणीच्या 45 मीटरच्या 30 तबकड्या आहेत. 2016 साली मंगळावर उतरणाऱ्या यानाचा बारीकसा सिग्नल त्यांनी पकडला."
सिग्नल म्हटल्यावर लाइनमनला विषय आपला वाटतो. "किती उणे होता?" तो विचारतो. काकांना आकडा ठाऊक नाही, पण प्रश्न आवडतो. ते 'प्रेषित' त्याच्या हातात ठेवतात. "वाच आणि परत आण."

संध्याकाळी 6.30
ओटा स्कीममध्ये वसुली. महिन्याचे 499. एक ताई 300 देते, "उरलेले दसऱ्यानंतर." तो वहीत लिहितो. लाइन बंद करत नाही. मुलांची परीक्षा आहे.

रात्री 9.15
दिवसभरात चौघांनी त्याला शेवटचा भाग सांगायला घेतला, चौघांनाही त्यानं थांबवलं. उरलेले सहा भाग तो रविवारी आपल्या मुलाला घेऊन सलग बघणार आहे. उद्याच्या तक्रारी तीन. पहिली, सकाळी आठला, सेक्टर 25.