फारफेच का कोसळली? एका ‘का’ची चिरफाड

पीएचडीच्या मुलाखतीची तयारी करताना बरेच जण विषय असा मांडतात: ‘अमुक कंपनीच्या अपयशाची कारणे : एक अभ्यास’. वाचायला बरं वाटतं. पण समितीतलं कुणी विचारलं, “अपयश म्हणजे नक्की काय? कधीपासून? आणि हेच कारण आहे हे कशावरून?” की पुढे गाडी अडते. मी विज्ञान शाखेची, त्यामुळे व्यवस्थापनाचा अभ्यास कसा करावा हे सांगायचा अधिकार मला नाही. पण ‘कारण’ शोधायची शिस्त सगळ्या शाखांत सारखीच असते. ती आज एका खऱ्या उदाहरणावर लावून बघू.

उदाहरण आहे फारफेच. जगभरातल्या महागड्या फॅशनचा ऑनलाइन बाजार. सप्टेंबर २०१८मध्ये न्यूयॉर्क शेअर बाजारात २० डॉलरला आलेला तिचा शेअर फेब्रुवारी २०२१मध्ये ७० डॉलरच्या वर होता आणि डिसेंबर २०२३मध्ये एका डॉलरच्याही खाली. का?

पायरी १ : वस्तू नक्की काय होती?

कारणाकडे धावायच्या आधी वर्णन करा. जोसे नेव्हेस हा पोर्तुगालचा माणूस, हाडाचा प्रोग्रॅमर, आणि आजोबांचा बुटांचा कारखाना. २००७मध्ये त्याने लंडनमध्ये कंपनी काढली, २००८मध्ये संकेतस्थळ सुरू झालं. कल्पना साधी होती. इटली, फ्रान्समधल्या गावोगावच्या उंची कपड्यांच्या दुकानांत माल पडून असतो, पण गिऱ्हाईक गावापुरतं. त्या दुकानांचा माल एका ठिकाणी जगाला दाखवायचा. माल दुकानदाराचा, गोदाम दुकानदाराचं. फारफेचने गिऱ्हाईक आणायचं, पैसे घ्यायचे, पार्सल पोचवायची व्यवस्था करायची आणि साधारण ३० टक्के कमिशन ठेवायचं.

म्हणजे माल न विकला गेल्याची जोखीम तिच्यावर नव्हती. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

पायरी २ : ‘उदय’ कशात मोजला?

इथे आपली शिरोली एमआयडीसी कामाला येते. तुमच्या घरचं किंवा ओळखीचं कुणाचं छोटं मशीन शॉप असेल तर हे लगेच कळेल. फाउंड्रीतून कास्टिंग येतं, तुम्ही ते मशीनवर घेता, बोअरिंग-ड्रिलिंग करता, परत पाठवता आणि लेबर चार्जेस लावता. समजा, महिन्याला ५० लाखांचं कास्टिंग तुमच्या शॉपमधून गेलं आणि तुमचं बिल झालं ४ लाखांचं. तर तुमचा धंदा किती? ५० लाख म्हणालात तर बँकेचा माणूसही हसेल. पण तोच जॉब ‘विथ मटेरियल’ घेतला, म्हणजे कास्टिंग तुम्हीच विकत घेतलं, तर बिल मोठं दिसतं. त्याबरोबर अडकलेलं भांडवल आणि रिजेक्शनचा तोटाही तुमचाच.

ऑनलाइन बाजारात त्या ५० लाखांना जीएमव्ही म्हणतात, म्हणजे बाजारातून गेलेल्या मालाची एकूण किंमत. कंपनीचा स्वतःचा महसूल वेगळा आणि नफा त्याहून वेगळा.

२०१७मध्ये फारफेचची जीएमव्ही होती सुमारे ९१ कोटी डॉलर, महसूल ३८.६ कोटी आणि तोटा ११ कोटींच्या वर. २०२२मध्ये जीएमव्ही ४.१ अब्ज आणि महसूल २.३ अब्ज डॉलर. नुसती जीएमव्ही बघाल तर पाच वर्षांत साडेचार पट वाढ. आता दोन्ही वर्षांत महसुलाला जीएमव्हीने भागा. ४२ टक्क्यांवरून ५६ टक्के. कमिशन तर एवढं वाढलं नव्हतं. मग काय बदललं? कंपनी हळूहळू ‘लेबर जॉब’वरून ‘विथ मटेरियल’वर सरकत होती. पोचवणुकीचे पैसेही महसुलात धरले जातात, त्यामुळे या एका गुणोत्तरावर सगळं ठरवू नका. पण आत काहीतरी जातच बदलतेय, हे ते दाखवतं.

नफ्याचा आकडा तर आणखी फसवा. २०२०मध्ये कंपनीने ३.३ अब्ज डॉलर तोटा दाखवला आणि २०२१मध्ये जवळपास १.५ अब्ज नफा. एका वर्षात इतकी सुधारणा? अजिबात नाही. कंपनीने परिवर्तनीय कर्जरोखे काढले होते, म्हणजे पुढे शेअरमध्ये बदलता येणारं कर्ज. शेअरचा भाव चढला की त्या देण्याची किंमत फुगते आणि ती वाढ हिशेबात तोटा म्हणून येते. भाव पडला की उलटं. म्हणजे बाजार खूश होता तेव्हा वहीत तोटा आणि बाजार उतरला तेव्हा वहीत नफा. प्रयोगशाळेत आपण याला उपकरणाचा दोष म्हणतो. वाचन बदललं म्हणजे नमुना बदलला असं नाही.

पायरी ३ : ‘पतन’ कधी सुरू झालं?

बातम्यांत तारीख असते १८ डिसेंबर २०२३. त्या दिवशी दक्षिण कोरियाच्या कूपांगने ५० कोटी डॉलर देऊन कंपनी वाचवायचा करार जाहीर केला. जुन्या शेअरधारकांच्या हाती काहीही उरलं नाही. पण तो शेवट झाला, सुरुवात नव्हे.

मागे जा. ऑगस्ट २०१९. फारफेचने मिलानचा न्यू गार्ड्स ग्रुप ६७.५ कोटी डॉलरला घेतल्याचं जाहीर केलं. ऑफ-व्हाइटसारख्या ब्रँडचे कपडे हा गट बनवायचा. दुसऱ्यांचा माल दाखवणारी कंपनी आता स्वतः माल बनवणार होती. शेअर एका दिवसात ४० टक्क्यांहून जास्त पडला. शंका तेव्हाच होती.

मग कोविड आला. दुकानं बंद, सगळी खरेदी ऑनलाइन. जीएमव्ही २०१९मधल्या २.१ अब्जांवरून २०२०मध्ये ३.२ अब्जांवर गेली. शंका घेणारे मूर्ख ठरले. संशोधनाच्या भाषेत हा गोंधळ घालणारा चल. वाढ कंपनीच्या निर्णयांमुळे झाली की कुलूपबंदीमुळे, हे त्या काळाच्या आकड्यांवरून वेगळं करता येत नाही. कंपनीने मात्र ती वाढ आपलीच धरली आणि त्या वेगाच्या भरवशावर खर्च आणि कर्ज उभं केलं. २०२०मध्येच एक अब्ज डॉलरपेक्षा जास्तीचे परिवर्तनीय रोखे निघाले. सौंदर्यप्रसाधनांचा विभाग, नीमन मार्कसमध्ये २० कोटींची गुंतवणूक, रिशमाँकडून यूक्स नेट-अ-पोर्टेचा ४७.५ टक्के हिस्सा घेण्याचा करार, हे सगळं २०२२मधलं.

पायरी ४ : संशयितांची यादी

आता कारणं लिहा, सगळी. (क) रशियातली विक्री २०२२च्या युद्धामुळे थांबली, चीनमध्ये टाळेबंदी लांबली. (ख) उंची मालाची मागणी मंदावली. (ग) मोठे ब्रँड स्वतःच्या दुकानांतून आणि संकेतस्थळांवरून विकू लागले. (घ) कंपनीने माल आणि ब्रँड स्वतः घेतले. (च) कर्ज आणि एकाच वेळी अनेक धंदे.

(ग)साठी लांब जायला नको. प्राडाने २०२५च्या मिलान शोमध्ये कोल्हापुरीसारख्या चपला दाखवल्या, त्यावरून काय गदारोळ झाला हे तुम्हाला माहीत आहेच. डिसेंबरमध्ये आपल्या लिडकॉम आणि कर्नाटकच्या लिडकर या महामंडळांबरोबर करार झाला. २,००० जोड, किंमत ८०० युरोच्या आसपास. आणि विकायचे कुठे? प्राडाच्याच ४० दुकानांत आणि प्राडाच्याच संकेतस्थळावर. मधला बाजार त्यात कुठेच नाही. भाव, सवलत, मांडणी सगळं आपल्या हातात ठेवायचं, हा या धंद्याचा आता नियम झालाय.

बहुतेक प्रबंधिका इथे थांबतात. पाच कारणं, पाच परिच्छेद, समारोप. पण ही कारणं नाहीत, हे फक्त संशयित आहेत.

पायरी ५ : जो वाचला, त्याला विचारा

जॉन स्टुअर्ट मिलने १८४३मध्ये सांगितलेली फरकाची पद्धत आठवा. निकाल वेगळा असलेली दोन उदाहरणं घ्या. दोन्हीकडे जे सारखं आहे, ते एकट्याने कारण असू शकत नाही.

वाचलेलं उदाहरण म्हणजे म्युनिकची मायथेरेसा. १९८७मध्ये दुकान म्हणून सुरू झालेली, २००६पासून ऑनलाइन. मंदावलेली मागणी तिलाही, रशिया-चीन तिलाही, ब्रँडचा स्वतः विकायचा हट्ट तिलाही. म्हणजे (क), (ख), (ग) एकट्याने पुरे पडत नाहीत.

आता (घ). मला सगळ्यात पटणारं स्पष्टीकरण हेच होतं: ‘फारफेचने दुसऱ्याच्या मालाचा धंदा सोडला म्हणून बुडाली’. छान, नीटस. पण मायथेरेसा बहुतांश माल स्वतः विकत घेऊनच विकत आली आहे! म्हणजे माल घेणं हेच विष असतं, तर ती आधी बुडायला हवी होती. उलट लंडनची मॅचेस बघा. तीही १९८७मध्ये दुकान म्हणून सुरू झाली, तीही स्वतःचा माल ठेवणारी. ती मार्च २०२४मध्ये दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. माल घेणारी एक जगली, एक मेली. (घ) एकटं पुरत नाही.

उरतं (च). मायथेरेसावर मोठं कर्ज नव्हतं आणि तिने थोड्या, पण भरपूर खर्च करणाऱ्या गिऱ्हाइकांवरच लक्ष ठेवलं. फारफेचच्या ओझ्याला मात्र कोविडचाच वेग लागत होता. तो वेग ओसरला, ऑगस्ट २०२३मध्ये वर्षाचा अंदाज खाली आणावा लागला आणि शेअर एका दिवसात जवळपास निम्मा झाला. म्हणून माझं उत्तर असं: बाहेरचे धक्के सगळ्यांना बसले, पण ते पचवायला लागणारी मोकळीक फारफेचने आधीच खर्चून टाकली होती. आणि गंमत बघा, जी यूक्स नेट-अ-पोर्टे घ्यायचा फारफेचचा करार रद्द झाला, ती एप्रिल २०२५मध्ये मायथेरेसाकडे आली. तीही कर्जाशिवाय आणि ५५.५ कोटी युरो रोख सोबत घेऊन!

तीन कंपन्यांवरून सिद्धांत उभा राहत नाही, हे उघड आहे. यातून मिळतं ते तपासता येणारं गृहीतक: मागणी उतरते तेव्हा कर्ज आणि धंद्यांची संख्या जास्त असलेली कंपनी आधी पडते. हे चूक ठरू शकतं आणि म्हणूनच ते कामाचं आहे. ‘चुकीचं व्यवस्थापन’ हे कारण कधीच चूक ठरत नाही, म्हणून ते निरुपयोगी.

तुमच्यासाठी गृहपाठ

तुमच्या प्रस्तावातलं एक ‘कारण’ निवडा आणि तीन ओळी लिहा. ते मोजणार कशात? तेच कारण असूनही निकाल उलटा लागलेलं एक तरी उदाहरण आहे का? आणि काय दिसलं तर तुम्ही म्हणणं मागे घ्याल? उदाहरण परदेशी हवं असं काही नाही. २०२०नंतर तग धरलेली आणि बंद पडलेली अशी दोन शेजारची शॉप्स शिरोलीतसुद्धा सापडतील. तिसरी ओळ लिहिता येत नसेल, तर विषय बदलू नका, प्रश्न बदला. तीन-चार वर्षं त्याच प्रश्नासोबत काढायची आहेत.