परवाना आणि सवय : गिरगावातील तरुण वाहनचालकांच्या शिक्षणाचा विचार

वाहन चालविता येणे आणि सुरक्षितपणे चालविणे या दोन भिन्न गोष्टी होत. पहिली हाताची आहे व ती थोड्या आठवड्यांत साधते. दुसरी सवयीची आहे, आणि सवय कोठे व कोणाच्या देखरेखीखाली जडते याचा विचार आपल्याकडे फारसा झालेला नाही. प्रस्तुत लेखात तो एका लहानशा वस्तीच्या आधारे करावयाचा आहे.

ठाकुरद्वार आणि भुलेश्वर यांच्या दरम्यान फणसवाडी वसलेली आहे. अरुंद गल्ली, दोहों बाजूंस चाळी व दुकाने, मध्ये हातगाड्या, व्यंकटेशाच्या देवळाकडे जाणारे भाविक. अशा ठिकाणी दुचाकीला ताशी १५ किलोमीटरहून अधिक वेग क्वचितच घेता येतो. येथे वाढलेला तरुण प्रथम शिकतो तो फट हेरण्यास, कर्णा वाजवून वाट काढण्यास आणि पुढच्या वाहनाला अगदी खेटून चालण्यास. गल्लीपुरते पाहता हे कौशल्यच आहे, त्यास दोष देण्याचे कारण नाही. परंतु तेथून मरीन ड्राइव्ह थोड्याच मिनिटांच्या अंतरावर आहे, आणि रात्री दहानंतर तो रस्ता मोकळा असतो. गल्लीत जडलेली सवय घेऊनच तरुण तेथे जातो.

या सवयीचा धोका साध्या गणिताने दाखविता येतो. समोरचा अडथळा दिसल्यापासून ब्रेक दाबला जाईपर्यंत एक सेकंद जातो, आणि ब्रेक लागल्यावर दर सेकंदास वेग सेकंदाला ६ मीटर या प्रमाणात घटतो असे धरू. ताशी १५ किलोमीटर वेगाने जाणारी दुचाकी सुमारे साडेपाच मीटरांत थांबेल. ताशी ६० किलोमीटर वेग असता हेच अंतर सुमारे ४० मीटर भरते. वेग चौपट झाला की ब्रेक लागल्यानंतरचे अंतर सोळापट होते, कारण ते वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. पावसाने रस्ता ओला होऊन ब्रेकचा परिणाम निम्म्यावर आला, तर सुमारे ६३ मीटर लागतील. गल्लीत दोन हातांचे अंतर पुरेसे मानणाऱ्या डोळ्यास हा फरक आपोआप उमगत नाही, तो शिकवावा लागतो.

तो कोण शिकवितो? १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार मोटार शिकविणाऱ्या शाळेस हलक्या वाहनासाठी किमान २१ दिवसांचा अभ्यासक्रम व १० तासांचे प्रत्यक्ष चालन ठरवून दिलेले आहे. शिक्षक शेजारी बसतो व प्रसंगी त्याच्या पायाखालचा ब्रेक कामी येतो. दुचाकीच्या बाबतीत मात्र चाळीतील थोरला भाऊ अथवा मित्र हीच बहुधा शाळा असते. शिकाऊ परवान्याच्या प्रश्नांत साठ टक्के उत्तरे बरोबर आली, तीस दिवस लोटले आणि ताडदेवच्या परिवहन कार्यालयात आठच्या आकड्याचे वळण पाय न टेकता घेता आले, की पक्का परवाना हाती पडतो. या परीक्षेत पाहिला जातो तो मंद वेगातील तोल. वेगातील विवेक तीत पाहिला जात नाही, आणि मैदानावर तो पाहणे कठीणही आहे.

मग शाळा वाढविल्या म्हणजे काम झाले काय? अनुभव तसा नाही. अमेरिकेतील जॉर्जिया राज्यात, डीकाल्ब परगण्यात १९७० च्या दशकाच्या अखेरीस हजारो विद्यार्थ्यांवर मोठा प्रयोग झाला. विस्तृत शिक्षण मिळालेल्यांच्या अपघातांत टिकाऊ घट आढळली नाही, उलट त्यांना परवाने मात्र लवकर मिळाले. नॉर्वेत घसरड्या रस्त्यावर वाहन सावरण्याचे शिक्षण सक्तीचे केल्यानंतर तरुण पुरुषांचे तशा रस्त्यांवरील अपघात वाढले. सावरता येते या भरवशावर त्यांनी वेग वाढविला असावा.

न्यूझीलंडने १९८७ साली निराळा मार्ग धरला. तेथे नवशिक्यास संपूर्ण मोकळीक टप्प्याटप्प्याने मिळते. मधल्या टप्प्यात रात्री दहा ते पहाटे पाच एकट्याने वाहन चालविण्यास मनाई असते, आणि अनुभवी देखरेख नसता सोबती घेता येत नाहीत. रात्र आणि सोबती या दोन गोष्टी नवशिक्या तरुणाचा धोका वाढवितात, असे अभ्यासांत वारंवार आढळले आहे. फणसवाडीतून मित्राला डबलसीट घेऊन रात्री समुद्राकडे निघालेल्या अठरा वर्षांच्या मुलापाशी नेमक्या याच दोन गोष्टी असतात. गोविंदाच्या दिवशी तर एका दुचाकीवर तिघे, आणि शिरस्त्राण एकाच्याही डोक्यावर नाही, हे दृश्य नवे नव्हे. थरावर चढणाऱ्या मुलांच्या वयाचा वाद न्यायालयापर्यंत गेला, परंतु थरावरून उतरल्यावर ती घरी कशी परततात हे कोणी विचारीत नाही. २०२२ साली देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली व त्यांत सुमारे ४४ टक्के दुचाकीवरील होती, हे येथे ध्यानी घ्यावे. चांगल्या शिरस्त्राणाने मृत्यूचा संभव सुमारे चार दशांशांनी कमी होतो.

आपल्या कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने कलम १९९ अ आले. अल्पवयीनाने वाहन चालवून गुन्हा केल्यास पालक अथवा वाहनाचा मालक यांस तीन वर्षांपर्यंत कैद व २५,००० रुपये दंड होऊ शकतो, आणि त्या वाहनाची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द होते. तरतूद कडक आहे व तशीच असावी. तथापि तिचा अंमल अठराव्या वाढदिवशी संपतो. त्यानंतर परवाना मिळताच रात्र, पाऊस, वेग आणि सोबती या सर्वांची मोकळीक तरुणास एकदमच मिळते. मधला टप्पा कायद्यात येईपर्यंत तो घरातच आखावा लागेल : पहिले वर्षभर रात्री दहानंतर किल्ली खुंटीवर, मागे बसणारा केवळ घरातील वडीलधारा, आणि पहिल्या पावसाळ्यात वाहन मरीन ड्राइव्हवर न्यावयाचे नाही. चाळीत एक दुचाकी अनेकांच्या हाती फिरते, म्हणून हा करार किल्ली देणाऱ्या प्रत्येकाशी व्हावयास हवा.