विंडोज ११ टाकताय? फॉरमॅट मारण्याआधी जुन्या पिकासाकडे बघा

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १०चा सपोर्ट संपला आणि घरोघरी विंडोज ११ टाकण्याची लगबग सुरू झाली. बोरिवली असो की घाटकोपर, स्टेशनजवळच्या दुकानात पीसी नेला की हमखास ऐकू येतं, "फॉरमॅट मारून देतो, नव्यासारखा चालेल." पण त्या पीसीत घरचे फोटो पिकासात लावलेले असतील, तर लगेच 'हो' म्हणू नका.

पिकासा अजून चालतं का?

गुगलने १५ मार्च २०१६ रोजी डेस्कटॉप पिकासाचा सपोर्ट बंद केला. तरीही पिकासा ३.९ विंडोज ११वर सहसा चालतं, कारण ३२-बिट प्रोग्रॅम तिथे अजून चालतात. मॅकवर मात्र २०१९च्या मॅकओएस कॅटालिनापासून ३२-बिट प्रोग्रॅम बंद झाले. तिथे पिकासा उघडतच नाही.

मग धोका कसला?

पिकासात क्रॉप केलं, रंग सुधारला, तरी 'सेव्ह' करेपर्यंत मूळ फोटो तसाच राहतो. केलेले बदल त्याच फोल्डरमधल्या एका लपलेल्या फाइलमध्ये लिहिले जातात. अल्बमची आणि चेहऱ्यांना दिलेल्या नावांची माहिती सी ड्राइव्हवरही असते. दुकानात फक्त फोटो कॉपी करून फॉरमॅट मारला, तर फोटो परत येतात, पण लग्नाच्या ग्रुप फोटोत कोण आजीची बहीण आणि कोण मामेसासरे, ही नावं जातात. ती सांगणारी माणसं आता घरात असतीलच असं नाही.

अपग्रेडआधी काय कराल?

१. फोटो सुटे निवडू नका. अख्खे फोल्डर एक्स्टर्नल हार्ड डिस्कवर कॉपी करा, म्हणजे लपलेल्या फाइलीही सोबत येतील.

२. फाइल एक्स्प्लोररच्या 'व्ह्यू'मध्ये 'हिडन आयटम्स' सुरू करा. आपल्या यूजर फोल्डरमध्ये ॲपडेटा, मग लोकल, मग गुगल असं जा. तिथले 'पिकासा२' आणि 'पिकासा२अल्बम्स' हे दोन्ही फोल्डर कॉपी करा.

३. पिकासात 'टूल्स', मग 'एक्सपेरिमेंटल'मध्ये जाऊन 'राइट फेसेस टू एक्सएमपी' निवडा. नावं फोटोच्या फाइलमध्येच लिहिली जातील. हे बॅकअप घेतल्यावरच करा.

४. सुधारलेले आवडते फोटो 'एक्स्पोर्ट' करून वेगळे ठेवा.

५. पिकासाची जुनी सेटअप फाइल असेल तर जपा. गुगल ती आता देत नाही, आणि अनोळखी साइटवरून घेतली तर व्हायरसची भीती असते.

अपग्रेड करताना

शक्यतो फॉरमॅट टाळा आणि फाइली व ॲप्स दोन्ही ठेवण्याचा पर्याय निवडा. विंडोज १० ३२-बिट असेल तर मात्र नव्यानेच इन्स्टॉल करावं लागतं. तेव्हा यूजरचं नाव आणि फोटोंची जागा पूर्वीचीच ठेवा, कारण पिकासा फोटो त्याच पत्त्यावर शोधतं.

पिकासा अडखळलं तर त्याच्या आयकॉनवर राइट क्लिक करून 'प्रॉपर्टीज'मधल्या 'कम्पॅटिबिलिटी'त जुनं विंडोज निवडा. फॉरमॅट न करता अपग्रेड केलं असेल, तर साधारण १० दिवसांच्या आत 'सेटिंग्ज'मधल्या 'रिकव्हरी'तून मागेही जाता येतं.

पीसी दुकानात द्यायचाच असेल, तर आधी हार्ड डिस्कवरची कॉपी दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडून बघा, मगच द्या.