उदगीरचा हबशी किल्लेदार

उदगीरच्या किल्ल्यात येणारा प्रत्येक जण १७६०च्या लढाईचं विचारतो. सदाशिवरावभाऊंनी निजामाला नमवलं, तेवढंच आपल्याला पाठ. लातूर जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयात इतिहास शिकवणारे आमचे सर मात्र इथे १६३६ शोधतात.

त्यांच्याबरोबर सकाळी लवकर निघावं लागतं. ऊन तिरपं असेपर्यंतच किल्ल्यातल्या फारसी शिलालेखातली उठावाची अक्षरं सावली धरतात. ऊन वर चढलं की सगळा दगड सपाट दिसतो. मऊ कुंचल्यानं धूळ काढायची, एकेका ओळीचे वेगवेगळ्या बाजूंनी फोटो घ्यायचे. खरं वाचन घरी. नुक्ते झिजले की बे, पे, ते, से यांत फरक उरत नाही, आणि एका नावावर आठवडा जातो. साल लागलं तरी सुटका नाही. हिजरी वर्ष ३५४ दिवसांचं, म्हणून १०४६ म्हणजे जून १६३६ ते मे १६३७. महिना कोरलेला नसेल, तर दोन्ही इसवी सनं लिहायची. अंदाजानं एक निवडलेलं सरांना खपत नाही.

१६३६मध्ये शाहजहानच्या फौजेनं उदगीर घेतलं, तेव्हा इथला निजामशाही किल्लेदार होता सिद्दी मिफ्ताह, हबशी. पुढे मोगलांच्या चाकरीत तो हबश खान झाला. औरंगाबादेत लिहिलेल्या ‘मआसिर-उल-उमरा’त त्याचं चरित्र आहे. मलिक अंबर इथिओपियातून बगदादमार्गे दख्खनेत आला, हे पाठ्यपुस्तकात असतं. पण त्याच्याच मुलखाचा माणूस आपल्या तालुक्याचा किल्ला राखत होता, हे उदगीरच्या मुलांना कुणी सांगत नाही. मला याचं फार वाईट वाटतं.

जगाचा इतिहास अभ्यासायचा तर आधी परदेशी जावं, हे मला पटत नाही. इतिहासकार सेतुमाधवराव पगडींचंच घ्या. ते १९१० साली इथल्याच निलंग्यात जन्मले. नोकरी हैदराबाद संस्थानात, प्राध्यापकी नाही. पण मोगल दरबाराची फारसी बातमीपत्रं त्यांनी मराठीत आणली. त्यांतली बरीच मूळ पत्रं ब्रिटिश अधिकारी जेम्स टॉडनं नेलेली, लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीत आहेत. लंडनला जावंच, पण फारसी वाचता येत असेल तर.

नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ विद्यापीठात कंधार, औसा, उदगीर असा विषय घेऊन पीएच.डी.ला बसणाऱ्यानं पहिलं वर्ष फारसी आणि मोडीला द्यावं, असं सर म्हणतात. तास संपल्यावर ते दोघा-तिघा मुलांना लिपी शिकवतात. बढतीच्या गुणांत हे धरलं जात नाही. मुलं सध्या शिक्क्यांवरची नावं लावण्यापर्यंत आली आहेत.