शंभरातला एक आणि शंभराबाहेरचा एक

मित्रांनो, "कौरव किती?" असे विचारले की आपण सगळे एका सुरात "शंभर!" म्हणतो. पण त्यांची नावे सांगा म्हटले की दुर्योधन, दुःशासन, आणि पुढे सगळे गप्प! मला मात्र धृतराष्ट्राचे दोन कमी प्रसिद्ध मुलगे फार आवडतात. एक विकर्ण आणि दुसरा युयुत्सु.

विकर्ण हा शंभरातलाच. द्यूतसभेत द्रौपदीने विचारले, "धर्मराज आधी स्वतःलाच हरले, मग मला पणाला कसे लावले?" भीष्मांनाही नक्की उत्तर देता येईना. तेव्हा वयाने लहान असलेला विकर्ण उभा राहिला. द्रौपदी पाचही पांडवांची पत्नी आहे, शिवाय तिला पणाला लावायचे शकुनीने सुचवले, म्हणून ती जिंकली गेली असे मी मानत नाही, असे त्याने स्पष्ट सांगितले. कर्णाने त्याला लहान तोंडी मोठा घास घेतो म्हणून झापले. पुढे युद्धात मात्र विकर्ण दुर्योधनाच्याच बाजूने लढला. चौदाव्या दिवशी भीमाने त्याला मारले, आणि मारल्यावर भीमालाही वाईट वाटले.

युयुत्सु शंभरात मोजला जात नाही, कारण त्याची आई गांधारी नव्हती, एक वैश्य स्त्री होती. (आपल्या अरब मित्रांना ठाऊक असलेल्या अंतरा बिन शद्दादची गोष्टही अशीच. आई गुलाम म्हणून वडिलांनी त्याला आधी मुलगा मानलेच नाही.) युद्ध सुरू होण्यापूर्वी युधिष्ठिराने विचारले, "आमच्याकडे कोणी येणार का?" तेव्हा एकटा युयुत्सु पांडवांकडे गेला. धृतराष्ट्राच्या मुलांपैकी तोच जिवंत राहिला. शेवटी पांडव राज्य सोडून निघाले तेव्हा परीक्षिताला गादीवर बसवून राज्याची काळजी त्यांनी युयुत्सुवर सोपवली.

आता विचार करा. आपल्याच माणसांचे चुकले तर काय करावे? तोंडावर सांगून त्यांच्याबरोबर राहावे, की त्यांना सोडून जावे? विकर्णाने जीव गमावला, तर युयुत्सुने आपल्या सगळ्या भावांचा शेवट पाहिला. सोपी वाट दोघांनाही मिळाली नाही. मला युयुत्सुचे पटते, पण भरसभेत एकट्याने बोलणाऱ्या विकर्णाचे धैर्य मला जास्त मोठे वाटते.

तुम्हाला कोणाचे पटते? घरी आजी-आजोबांना किंवा आई-बाबांना विचारा आणि पुढच्या शुक्रवारी वर्गात सांगा.